कादंबरी बोहल्यावर संपते, कथा दुसऱ्या दिवशी सुरू होते: व्हिक्टोरियन कथांमधल्या बायका

साळुंकी

व्हिक्टोरियन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जाडजूड कादंबऱ्या येतात. नायिका गरीब पण मानी, नायक श्रीमंत पण तुसडा, मध्ये पाचशे पानांचे गैरसमज आणि शेवटी चर्चमध्ये लग्न. मला मात्र सध्या त्याच काळातल्या कथांचं वेड लागलंय, आणि त्यांत लग्न हा शेवट नसतोच. बऱ्याचदा ते पहिल्या दोन पानांत उरकलेलं असतं. पुढे काय झालं, ती कथा.

याला एक अगदी व्यवहारी कारण असावं. तेव्हाची कादंबरी तीन खंडांत निघायची आणि संचाची किंमत साडेएकतीस शिलिंग. कोण विकत घेणार? लोक म्यूडीच्या वाचनालयाची वर्षाला एक गिनी (एकवीस शिलिंग) वर्गणी भरायचे आणि घरी आणून वाचायचे. म्यूडी हा मोठा सोवळा गृहस्थ. लेकीबाळींसमोर मोठ्यानं वाचता येणार नाही ते पुस्तक तो घ्यायचाच नाही, आणि त्यानं नाही घेतलं की प्रकाशक बुडाला. त्यामुळे तीन खंड भरायचे तर लग्नापर्यंतची वाट लांबवणं सगळ्यांनाच सोयीचं होतं. मासिकातल्या कथेला वीसेक पानं मिळणार, तिथे प्रेम जमवत बसायला जागा कुठली! १८९४ मध्ये वाचनालयांनीच तीन खंडांच्या कादंबरीला नकार दिला आणि तो प्रकार संपला. कथांना बहर आला तोही नेमका त्याच सुमारास. 'स्ट्रँड' मासिक जानेवारी १८९१ मध्ये सुरू झालं, 'यलो बुक' एप्रिल १८९४ मध्ये.

(इशारा: पुढे सगळे शेवट फोडले आहेत. कथांचे प्रताधिकार कधीच संपलेत, जालावर फुकट मिळतात. ज्यांना आधी वाचायच्या आहेत त्यांनी वाचून या, धागा कुठे पळून जात नाही.)

ज्या कथेमुळे हा धागा काढावासा वाटला ती थॉमस हार्डीची 'द सन्स व्हीटो', डिसेंबर १८९१ मधली. सोफी ही खेड्यातल्या पाद्र्याच्या घरची मोलकरीण. पाद्रीबुवा विधुर. ते आजारी असताना त्यांचं ताट वर नेऊन देते, खाली येताना जिन्यात पाय मुरगळतो आणि ती कायमची लंगडी होते. आता काम जमणार नाही म्हणून नोकरी सोडायला निघते, तर ते लग्नाचंच विचारतात. तिला त्यांच्याबद्दल आदर आहे, जवळजवळ भक्तीच. नाही म्हणायची सोय तिच्या मनातच नाही. मोलकरणीशी लग्न म्हणजे गावात तोंड दाखवायची चोरी, हे पाद्रीबुवांना पक्कं ठाऊक. म्हणून ते बदली करून घेऊन दक्षिण लंडनला जातात, जिथे कुणी ओळखत नाही.

एक मुलगा होतो, रँडॉल्फ. त्याला उत्तम शाळेत घालतात. कथेच्या सुरुवातीलाच हा बारा-तेरा वर्षांचा पोरगा चाकाच्या खुर्चीतल्या आईचं व्याकरण चारचौघांत सुधारतो. वडील वारतात. जाताना बायको भोळी, कुणी फसवेल, या काळजीनं सगळं विश्वस्तांच्या हाती देऊन जातात. तिच्या हाती उरतं ते फक्त स्वतःचं बेताचं उत्पन्न. एक घर, एक खिडकी, आणि खिडकीखालचा रस्ता.

त्या रस्त्यावरून पहाटे कोबीच्या गाड्या कॉव्हेंट गार्डनच्या बाजाराला जातात. झोप न लागणारी सोफी त्या बघत बसते, आणि एके दिवशी एका गाडीवर तिला गावाकडचा सॅम दिसतो. तिच्या लग्नाआधी ज्याच्याशी जवळपास ठरत आलेलं, तो. एका पहाटे ती त्याच्या गाडीवर बसून बाजारापर्यंत फिरून येते. संपूर्ण कथेत ही बाई एवढंच सुख उपभोगते: भाजीच्या गाडीवरची एक चक्कर. सॅमला तिच्याशी लग्न करायचंय, फळभाजीचं दुकान टाकायचंय. ती मुलाला विचारते. भाजीवाला सावत्र बाप म्हटल्यावर तो रडून आकांत करतो, आपण सभ्य समाजातून उठू म्हणतो. ती थांबते. पुन्हा विचारते. पुन्हा थांबते. शेवटी ऑक्सफर्डला शिकणारा हा चिरंजीव तिला आपल्या खोलीतल्या छोट्या क्रुसासमोर गुडघे टेकायला लावतो आणि माझ्या संमतीशिवाय त्याच्याशी लग्न करणार नाही अशी शपथ घ्यायला लावतो. काही वर्षांनी ती मरते. सॅम दुकानाच्या दारात काळे कपडे घालून उभा, समोरून प्रेतयात्रा जाते, आणि गाडीत बसलेला तरुण पाद्री त्याच्याकडे जळजळीत नजरेनं बघतो.

मला खटकतं आणि सोडवतही नाही ते हे: सोफीला कायद्यानं कुणीच अडवलेलं नव्हतं. ती विधवा आहे, सज्ञान आहे, हवं त्याच्याशी लग्न करू शकते. मग कडी नेमकी कुठे होती?

—

चहाटळ

वाचनखूण साठवली. कोबीच्या गाड्यांवरच अडकलोय. पुढील लेखनास शुभेच्छा.

—

वकिलीणबाई

साळुंकी, कडीच्या प्रश्नासाठी थोडा कायदा आधी मांडते, कारण या कथा वाचताना साल बघितल्याशिवाय मजा येत नाही.

जुन्या इंग्रजी कायद्यात लग्न झालं की बाईचं कायदेशीर अस्तित्वच नवऱ्यात विरघळायचं. तिची कमाई त्याची, तिच्या नावची रोकड त्याची, ती स्वतःच्या नावानं करार करू शकत नाही की दावा लावू शकत नाही. श्रीमंत बाप लेकीसाठी विश्वस्तव्यवस्था करून यातून पळवाट काढत, गरिबाच्या पोरीला ती सोय नव्हती. १८७० च्या कायद्यानं बायकोची स्वतःची कमाई तिची झाली. १८८२ च्या कायद्यानं, जो १ जानेवारी १८८३ पासून लागू झाला, लग्नाआधीची आणि नंतरची सगळी मालमत्ता तिच्या नावावर राहू लागली. १८८६ मध्ये बाप वारल्यावर मुलांचं पालकत्व आईकडे यायला लागलं, बापानं दुसरा पालक नेमला असेल तर त्याच्या जोडीनं.

म्हणजे १८९१ मध्ये हार्डी ही कथा छापतो तेव्हा कागदावर सोफी बरीच मोकळी आहे. तुम्ही म्हणता तेच, तिला न्यायालयानं नाही, मुलानं बांधलंय. आणि त्यानं वापरलेलं हत्यार बघा: शपथ. ती कुठल्याही न्यायालयात एक मिनिट टिकली नसती.

हार्डीला हे नीट माहीत असणार असं मला वाटतं. कायदा वाईट होता तेव्हा लेखकाला कायद्यावर बोट ठेवता येत होतं. कायदा सुधारल्यावर त्याला घरातल्या माणसांकडे बघावं लागलं.

—

पेठेतला_होम्स

आता माझ्या आवडीचा विषय. शेरलॉक होम्सच्या पहिल्या बारा कथा, म्हणजे जुलै १८९१ ते जून १८९२ मध्ये 'स्ट्रँड'मध्ये आलेल्या, या नजरेनं परत वाचा. बारातल्या तीन कथांत गुन्हेगार एकाच धंद्यातला आहे: बाप किंवा सावत्र बाप, आणि उद्देश पोरीचं लग्न होऊ न देणं. प्रेम, इभ्रत वगैरे काही नाही. पोरगी गेली की तिचं व्याज जातं.

'अ केस ऑफ आयडेंटिटी' तर हिशेबाची वहीच आहे. मेरी सदरलंडला ऑकलंडच्या काकाकडून मिळालेले अडीच हजार पौंड न्यूझीलंडच्या रोख्यांत आहेत, साडेचार टक्क्यांनी. म्हणजे वर्षाला साधारण ११२ पौंड. वर ती टंकलेखन करते, पानाला दोन पेन्स, दिवसाला पंधरा ते वीस पानं. होम्स तिला स्वतःच सांगतो की एकट्या बाईला वर्षाला साठ पौंडांत व्यवस्थित राहता येतं. म्हणजे बाईसाहेब जवळपास दुप्पट मिळवून आहेत! पण घरात राहते तोवर भार नको म्हणून व्याज आई आणि सावत्र बापाला देते. सावत्र बाप विंडिबँक तिच्याहून पाचच वर्षांनी मोठा. तो काय करतो? वेष बदलून, आवाज बदलून, काळा चष्मा लावून स्वतःच तिचा प्रियकर होतो, लग्न ठरवतो, आणि लग्नाच्या दिवशी घोडागाडीतून गायब होतो. जाण्याआधी काहीही झालं तरी माझी वाट बघ अशी शपथ घ्यायला लावतो. पुन्हा शपथ! साळुंकी, तुमचा रँडॉल्फ आणि हा विंडिबँक एकाच शाळेतले.

आणि या सगळ्यात मेरीची आई सामील आहे, हे वाचताना सुटून जातं.

'स्पेकल्ड बँड'मध्ये डॉ. रॉयलट. बायकोच्या पैशावर जगतो. तिच्या मृत्युपत्रात अट की मुली लग्न करून गेल्या की प्रत्येकीला वर्षाला ठरावीक रक्कम द्यायची. उत्पन्न ११०० पौंडांवरून ७५० वर आलंय आणि प्रत्येक मुलगी २५० मागू शकते. दोघी गेल्या तर उरले अडीचशे. म्हणून साप. आपण लहानपणी साप लक्षात ठेवला, खरं कारण वजाबाकी होती. 'कॉपर बीचेस'मध्ये बाप पोरीला सहीसाठी छळतो, ती आजारी पडते, मग कोंडतो आणि तिच्यासारखी दिसणारी गव्हर्नेस पगारावर आणून खिडकीत बसवतो.

वकिलीणबाई म्हणतात तो १८८२ चा कायदा इथे लागू करून बघा. आधी पैसा बापाच्या घरून नवऱ्याच्या घरी जायचा, आता बाईकडेच राहणार. बापाच्या घरून जाणार हे मात्र दोन्हीकडे नक्की.

—

फटकळ

सगळं खरं, पण धाग्याला एकच सूर लागलाय तो मोडतो. पुरुष सगळे कसाई आणि बायका सगळ्या गाई, हे या कथांवर अन्यायकारक आहे.

'यलो बुक'च्या पहिल्याच अंकात एला डार्सी या बाईंची 'इरेमीडिएबल' आहे. बँकेतला कारकून, सुशिक्षित, समतेच्या कल्पना वाचलेला, सुट्टीत खेड्यात एस्थर नावाची एक कामकरी मुलगी भेटते, दया येते, लग्न करतो. मग कळतं की बोलायला काहीच नाही. घर गलिच्छ, ती त्याच्या लिहिण्यावर जळते, आणि कथा संपते तेव्हा त्यांच्यात फक्त द्वेष उरलेला असतो. लिहिणारी बाई आहे, सहानुभूती पुरुषाला. सोडवणूक? नाही. बायको भांडकुदळ आहे म्हणून काडीमोड मिळत नव्हता, पुरुषालाही नाही.

हार्डीचीच 'ऑन द वेस्टर्न सर्किट' घ्या. लंडनचा तरुण वकील जत्रेत अ‍ॅना नावाच्या मोलकरणीला भेटतो. तिला लिहिता येत नाही. तिची मालकीण, मिसेस हारनम, तिच्या नावानं त्याला पत्रं लिहिते. गडी त्या पत्रांच्या प्रेमात पडतो, अ‍ॅनाशी लग्न करतो, आणि लग्न लागल्यावर तासाभरात बायकोला दोन ओळी लिहायला सांगतो तेव्हा भांडं फुटतं. फसला कोण?

—

साळुंकी

फटकळ, 'इरेमीडिएबल'बद्दल सहमत. तिथे डार्सीबाई एस्थरला एक संधीसुद्धा देत नाहीत, आणि ती कथा मला त्यामुळेच थोडी कोती वाटते. तिच्या बाजूनं एकदाही बघायचं नाही हा निर्णय लेखिकेचा आहे.

पण 'वेस्टर्न सर्किट'मध्ये फसलेला एकटा वकील दिसत असेल तर मालकीणबाईंकडे परत बघा. ही बाई दारूच्या बड्या व्यापाऱ्याची बायको, तिशीच्या आसपासची. लग्न का केलं? नुसत्या घरी बसण्यापेक्षा कुणीही नवरा बरा, असं शिकवलेलं म्हणून. तिला पहिल्यांदा स्वतःचं मन सापडतं ते मोलकरणीच्या नावाखाली. आधी अ‍ॅना सांगते ते लिहिते, मग अ‍ॅना गावी गेल्यावर तिला न विचारता लिहायला लागते. वकील वाईट नाही, अ‍ॅना वाईट नाही. नवरा तर इतका साधा आहे की त्याला काही कळतच नाही. शेवटी वकील आपल्या नव्या बायकोशेजारी आगगाडीत बसून तीच जुनी पत्रं वाचत असतो. तिघांचंही वाटोळं, आणि खलनायक एकही नाही. माझ्या मते हार्डीची सगळ्यात क्रूर कथा हीच.

—

लीड्सकर

इथे इंग्लंडात राहून व्हिक्टोरियन घरांच्या ओलीनं हैराण झालेल्या माणसाकडून थोडी भर.

काडीमोडाचं गणित असं. १८५७ च्या कायद्यानं घटस्फोट धर्मपीठाकडून दिवाणी न्यायालयात आला. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला मात्र नवऱ्याचा व्यभिचार, अधिक क्रौर्य किंवा सोडून जाणं किंवा तसंच काहीतरी दाखवावं लागे. हा भेद १९२३ पर्यंत चालला. म्हणून व्हिक्टोरियन कथेत कुणी घटस्फोट घेत नाही, माणसं मरतात. लेखकाला गाठ सोडवता येत नसली की तो गाठीचं एक टोक मारतो. जहाज बुडतं, ताप येतो, घोडा उधळतो. एकदा लक्षात आलं की हसू यायला लागतं.

दुसरं, १८९१ सालच मोठं गमतीचं. त्या मार्चमध्ये इथून फार लांब नसलेल्या क्लिदरो गावी एमिली जॅक्सन नावाची बाई चर्चमधून बाहेर पडत होती. ती नवऱ्याकडे नांदायला तयार नव्हती. नवऱ्यानं साथीदारांसह तिला भर रस्त्यातून उचलून गाडीत घातलं आणि घरात कोंडलं. खालच्या न्यायालयानं नवऱ्याची बाजू घेतली, अपील न्यायालयानं ठरवलं की नवऱ्याला बायकोला डांबून ठेवायचा हक्क नाही. बाई सुटली. आणि गावानं काय केलं? तिच्याच नावानं आरडाओरडा. न्यायालय तिच्या बाजूनं, गाव त्याच्या.

त्याच वर्षाच्या अखेरीस 'सन्स व्हीटो' आली. वकिलीणबाईंच्या मुद्द्याला याहून चांगला पुरावा मला सुचत नाही.

—

मोरपीस

लीड्सकर, 'लेखक गाठीचं एक टोक मारतो' यावर एक अप्रतिम उदाहरण आहे आणि ते कुणीच काढलं नाही अजून. मार्गारेट ऑलिफंट यांची 'अ स्टोरी ऑफ अ वेडिंग टूर', १८९४.

जेनी ही अनाथ मुलगी. कुणीतरी लग्नाचं विचारलं हेच नशीब, म्हणून मिस्टर रोझेंडेलशी लग्न. मधुचंद्राला फ्रान्समध्ये. थोड्याच दिवसांत तिला कळतं की या माणसाला आपण हवे आहोत ते फक्त एका अर्थानं, बाकी माणूस म्हणून आपण त्याला दिसतच नाही. ऑलिफंटबाई हे इतक्या सभ्य शब्दांत सांगतात की म्यूडीलाही हरकत घेता आली नसती, पण कळायचं ते कळतं. मग प्रवासात एका स्टेशनात नवरा उतरतो आणि गाडी सुटते. तो फलाटावर, ती डब्यात.

आधी ती घाबरते. मग हॉटेलात एकटीच जेवते, एकटीच झोपते, आणि तिच्या लक्षात येतं की आपल्याला आनंद झालाय. सकाळी ती त्याची वाट न बघता दुसरी गाडी पकडते. इतकंच. भांडण नाही, प्रियकर नाही, भाषण नाही. भूमध्य समुद्राकाठच्या एका छोट्या गावात थोड्या पैशांवर राहते, मुलगा होतो, इंग्रजीच्या शिकवण्या करते, गाव तिला आपलंसं करतं. वर्षांनी एकदा ती स्टेशनवर उभी असताना धावत्या गाडीत तो दिसतो, त्यालाही ती दिसते. आणि तो गाडीतच मरतो.

आता खरी मेख. याच ऑलिफंटबाईंनी जानेवारी १८९६ मध्ये 'ब्लॅकवुड्स' मासिकात हार्डीच्या 'ज्यूड' या कादंबरीवर तुटून पडणारा लेख लिहिला, शीर्षकच 'द अँटी-मॅरेज लीग'. लग्नसंस्थेवर हल्ला करणाऱ्यांची टोळी झालीय म्हणून संताप. एकतिसाव्या वर्षी विधवा झालेली, आपली मुलं आणि भावाचं कुटुंब लेखणीवर पोसणारी, शंभराच्या आसपास पुस्तकं लिहिलेली बाई. लेखात लग्नाची बाजू घेते आणि कथेत जेनीला गाडीत बसवून देते. दोन्ही मनापासून. मला तरी त्यात दुटप्पीपणा वाटत नाही. लेख लिहिताना समोर समाज होता, कथा लिहिताना समोर एक पोरगी.

—

पेठेतला_होम्स

जेनी +१००. आणि नवरा फलाटावर धावतोय हे चित्र डोळ्यांसमोरून जात नाही. पाच मिनिटं खिदळत होतो, मग बायकोनं विचारलं काय झालं. कथा तिला वाचायला द्यावी की नाही या विचारात आहे. (हलके घेणे.)

—

निवडुंग

मोरपीस यांनी सभ्य शब्दांचा उल्लेख केला म्हणून असभ्य शब्दांची बाजू मांडतो. जॉर्ज एजर्टन. नाव पुरुषाचं, लेखिका मेरी चावेलिटा डन, जन्म मेलबर्नचा, १८५९. पहिला संग्रह 'कीनोट्स' १८९३ मध्ये आला आणि गाजला. १८९४ च्या 'डिस्कॉर्ड्स'मध्ये 'व्हर्जिन सॉइल' आहे.

सतरा वर्षांची मुलगी, लग्न लागलंय, गाडी दारात उभी. आईला काहीतरी सांगायचंय पण तिला लाजेनं बोलता येत नाही. एवढंच म्हणते की आता तू विवाहित आहेस, नवऱ्याचं ऐकायचं. पोरगी थरथरत निघते. पाच वर्षांनी परत येते, वाळलेली, कडवट, आणि आईसमोर बसून सगळा हिशेब मांडते. मला काहीही न सांगता पाठवलंस. तू मला विकलंस. हे असलं लग्न म्हणजे कायदेशीर वेश्याव्यवसाय आहे. १८९४ मध्ये, छापील, बाईच्या लेखणीतून.

कथा म्हणून मोरपिसांची जेनी कितीतरी सरस. एजर्टनच्या कथेचा उत्तरार्ध जवळपास भाषण आहे. पण एक गोष्ट तिनंच केली: दोष नवऱ्यावर टाकला नाही. तो जसा आहे तसा आहे, म्हणते. खटला आईवर चालवला.

त्याआधी सहा वर्षं, १८८८ मध्ये, लेखिका मोना केअर्ड यांनी लग्नसंस्थेवर एक लेख लिहिला आणि 'डेली टेलिग्राफ'नं 'लग्न फसलंय का?' असा पत्रव्यवहार सुरू केला. सुमारे २७,००० पत्रं आली म्हणतात. आपला धागा त्यामानानं सुस्तच.

—

वकिलीणबाई

हे सगळं विलायतेत चालू असताना मुंबईत काय चाललं होतं हे न सांगता राहवत नाही. अवांतर वाटेल, पण नाही.

रखमाबाईंचा खटला बहुतेकांना माहीत असेल. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लग्न, पुढे नांदायला नकार, १८८४ मध्ये दादाजींचा दावा. १८८५ मध्ये न्या. पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूनं निकाल दिला. त्यांचं म्हणणं असं की नांदायला लावण्याचा हा दावा मुळात हिंदू धर्मशास्त्रातला नाहीच, ती इंग्लंडातून इथे आणलेली वस्तू आहे. अपिलात निकाल फिरला आणि मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंग असं ठरवलं. गंमत अशी की इंग्लंडात नांदायला नकार देणाऱ्याला तुरुंगात टाकणं १८८४ च्या कायद्यानं बंद झालं होतं. म्हणजे लंडनच्या बाईला जी शिक्षा होऊ शकत नव्हती ती लंडनच्याच कायद्याच्या नावानं मुंबईच्या बाईला ठोठावली गेली. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, आणि १८८९ मध्ये रखमाबाई डॉक्टरकी शिकायला लंडनलाच गेल्या. तुमच्या सोफीची कथा छापली गेली तेव्हा त्या तिथे विद्यार्थिनी होत्या.

पेठेतल्या होम्ससाठी खास: रखमाबाईंनाही सावत्र वडील होते, डॉ. सखाराम अर्जुन. मालमत्ता हातची जाऊ नये म्हणून घरचेच तिला पाठवत नाहीत, असा आरोप दादाजींच्या बाजूनं झाला. शब्दशः विंडिबँकचा गुन्हा! प्रत्यक्षात सखाराम अर्जुन तिच्या पाठीशी उभे राहिलेले गृहस्थ. कॉनन डॉइलनं विंडिबँक लिहायच्या आधीच हे कथानक मुंबईच्या न्यायालयात उलट्या बाजूनं मांडून झालं होतं.

—

चहाटळ

दंडवत घ्या वकिलीणबाई.

प्रश्न: हे सगळं १८९० च्या आसपासचं झालं. त्याआधीच्या कथांत काय? गॅस्केलबाई वगैरे?

—

मोरपीस

त्याआधी सूर वेगळा. एलिझाबेथ गॅस्केल यांची 'द मँचेस्टर मॅरेज', १८५८. अ‍ॅलिसचा नवरा खलाशी, जहाज बुडालं, तो मेला असं समजून ती मुलीसाठी मिस्टर ओपनशॉशी लग्न करते. माणूस खडबडीत पण चांगला. मग एके रात्री पहिला नवरा दारात. दार उघडते नोरा, जुनी मोलकरीण. ती त्याला झोपलेल्या मुलीचं तोंड दाखवते आणि बाहेर काढते. तो नदीत जीव देतो. नोराला ओपनशॉला सगळं सांगावं लागतं, आणि दोघं मिळून ठरवतात की अ‍ॅलिसला काही कळू द्यायचं नाही.

म्हणजे जिचं लग्न, जिचे दोन नवरे, तिलाच शेवटपर्यंत पत्ता नाही. गॅस्केलबाई हे मायेनं लिहितात, ओपनशॉ पुढे फार मृदू होतो वगैरे. मला ती माया जरा गुदमरवणारी वाटते. पाद्रीबुवांच्या विश्वस्तव्यवस्थेसारखीच, तिच्या भल्यासाठी तिला बाहेर ठेवणं.

लीड्सकर, इथे गाठीचं टोक स्वतःच नदीत उडी मारतं.

—

पेठेतला_होम्स

'तिच्या भल्यासाठी न सांगणं' यावरून: होम्ससुद्धा तेच करतो! विंडिबँकला पकडतो, कायदा तुला हात लावू शकत नाही म्हणतो, चाबूक उचलायला धावतो, तो पळून जातो. आणि मेरीला? सांगत नाही. तिला पटणार नाही म्हणे, वर हाफिज या फारसी कवीच्या नावानं एक सुभाषित ऐकवतो. ती बिचारी शपथ पाळत वाट बघत राहणार आणि ११२ पौंड त्याच घरात जात राहणार. गुन्हा उघडकीला आला, फायदा गुन्हेगाराचा. होम्सचा मी भक्त आहे, पण इथे त्याला माफी नाही.

—

फटकळ

शेवटी मूळ कथेवर येतो, कारण रँडॉल्फची बाजू कुणीच घेत नाहीये आणि मला असल्या बाजू घ्यायची खोड आहे.

तो बारा-तेरा वर्षांचा असताना त्याला काय शिकवलं गेलं? आईबापांनी स्वतःच. बाप गाव सोडून पळाला, कारण आई कोण हे लपवायचं होतं. महागडी शाळा दिली, कारण तिची छाया पोरावर पडू नये. म्हणजे आईची लाज वाटणं हाच त्याचा अभ्यासक्रम होता आणि फी बापानं भरली होती. पोरगं अव्वल नंबरानं पास झालं, आता त्याला शिव्या का? आणि त्याची भीती खोटी नव्हती. सावत्र बाप भाजीवाला हे कळलं असतं तर त्या काळच्या शाळेत त्याचे हाल कुत्र्यानं खाल्ले नसते.

—

साळुंकी

शाळकरी रँडॉल्फपुरतं मान्य. लॉर्ड्सवर शाळांचा क्रिकेटचा सामना बघायला ती त्याच्याबरोबर जाते, आज सांगावं म्हणून, आणि आजूबाजूचे थाटमाट बघून तिची जीभ रेटत नाही. तिथे तो पोर आहे, चूक त्याची नाही.

पण क्रुसासमोर शपथ घ्यायला लावतो तेव्हा तो ऑक्सफर्डचा विद्यार्थी आहे. तेव्हा लाज शाळेची नाही, त्याची स्वतःची. आणि बघा, तो काय म्हणतो: हे मी वडिलांसाठी करतोय. ज्या वडिलांनी स्वतः मोलकरणीशी लग्न केलं, त्यांच्यासाठी.

—

फटकळ

पुरुषानं खालच्या थरातली बायको वर आणली तर ती चढते. विधवेनं खालच्या थरातला नवरा केला तर सगळं घर उतरतं. पाद्रीबुवांना ते गणित चालवून घेता आलं, सोफीला आलं नसतं. हे मी रँडॉल्फच्या बाजूनंच म्हणतोय, लक्षात असू द्या.

—

वकिलीणबाई

ही रँडॉल्फची बाजू असेल तर त्याला दुसरा वकील बघायला सांगा.

'द विदर्ड आर्म'वर वेगळा धागा कोण काढतंय? १८८८ ची आहे, आणि तिच्यात दोन बायका, एक नवरा आणि फाशीचा दोर आहे. इथे नको, इथला घोळ आधी निस्तरू दे.